रोमन व्यापारी माल कशातून नेत? उत्खननात सगळीकडे मातीचे कुंभच का सापडतात?

सगळाच माल कुंभातून जात नव्हता. इजिप्तमधून रोमला जहाजंच्या जहाजं भरून धान्य यायचं, ते गोण्यांतून. वाइन पखालींतून आणि लाकडी पिंपांतूनही जायची. पण गोणी, चामडं, लाकूड कुजून जातं आणि भाजलेली माती टिकते, म्हणून आपल्यासमोर कुंभच येतात.

या कुंभांना अँफोरा म्हणतात. दोन कान, अरुंद तोंड, निमुळता तळ. जमिनीवर उभा न राहणारा हा तळ जहाजात कामाचा, कारण खालच्या कुंभांच्या खांद्यांमधल्या फटीत वरच्याचं टोक बसतं. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ माद्राग द ज्याँ इथे बुडालेल्या जहाजात वाइनच्या कुंभांचे असे तीन थर मिळाले.

मालागणिक घडण बदलायची. वाइनच्या कुंभाला आतून राळेचा लेप देत. तेलाच्या कुंभाला सहसा नाही, कारण तेलात राळ विरघळते. दक्षिण स्पेनमधून ऑलिव्ह तेल आणणारा कुंभ गोल पोटाचा, रिकामाच सुमारे 30 किलोचा, आत साधारण 70 लिटर तेल. माती तेल पिते आणि ते खवट होतं, त्यामुळे हा कुंभ पुन्हा वापरणं परवडत नसे. रोममध्ये टायबर नदीच्या धक्क्यापाशी असे कुंभ फोडून नीट रचत, वास मारायला वर चुना टाकत. त्या खापऱ्यांची सुमारे 35 मीटर उंच टेकडीच झाली: माँते तेस्ताच्चो.

जर्मन अभ्यासक हाइनरिश ड्रेसेल यांनी 1870च्या दशकापासून या खापऱ्यांवरची शाईची अक्षरं वाचली. रिकाम्या कुंभाचं वजन, व्यापाऱ्याचं नाव, तेलाचं वजन. बाजूला तिरक्या अक्षरात माल कुठून निघाला ते ठिकाण आणि त्या वर्षीच्या कॉन्सलांची, म्हणजे रोमच्या दरवर्षी बदलणाऱ्या सर्वोच्च अधिकाऱ्यांची नावं, म्हणजे सालच. आजच्या पावतीत असतं ते सगळं! रोमन अर्थव्यवस्थेबद्दल इतकं थेट बोलणारं दुसरं साधन मला तरी माहीत नाही.

आपल्याकडे घारापुरीलाही अँफोराच्या खापऱ्या सापडल्या आहेत. मात्र भारतात पूर्वी रोमन म्हणून नोंदलेल्या काही खापऱ्या पुढे मेसोपोटेमियाकडच्या लांबट कुंभांच्या निघाल्या. त्या कुंभांना कान नसतात. कानाचा तुकडा हाती आला आणि मातीत ज्वालामुखीच्या वाळूचे काळे कण दिसले, तर तो कुंभ नेपल्सच्या आखाताकडून वाइन घेऊन आला असण्याची शक्यता दाट.