नाव घेऊन सांग

चि. डॉक्टरीणबाई,

काल फोनवर म्हणालीस, "सर, ड्रिलमध्ये रबरी बाहुलीसमोर 'रक्तस्राव होतोय' म्हणून ओरडायची लाज वाटते, सगळे हसतात. तेवढ्यात नीट-पीजीचे चार प्रश्न तरी सुटले असते." मी गप्प राहिलो, कारण राग आला होता.

आमच्या वेळी बाहुली नव्हती. आम्ही माणसांवर शिकलो.

एप्रिलमधली दुपार. बाळंतीण विड्या वळणारी, वय 22. बाळ रडलं, पण गर्भाशय काही आवळेना, रक्त थांबेना. मी ते आवळायचं इंजेक्शन सांगितलं, "ऑक्सिटोसिन द्या." एका सिस्टरला वाटलं दुसरीने दिलं. दुसरी सलाईन लावत होती, हाऊसमन रक्तपेढीची चिठ्ठी लिहीत होता. भरल्या दिवसांच्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटर रक्त फिरतं. मी वळून पाहिलं तर अँप्यूल ट्रेमध्ये तशीच, न फोडलेली. बाई वाचली, गर्भाशय काढावं लागलं.

मी सांगितलं होतं. आजही सांगतो, स्पष्ट सांगितलं होतं! पण कोणाला? त्या सिस्टरांची नावं मला माहीत नव्हती. आठवड्यातून दोनदा व्हिजिटला जायचो, कोण नावं लक्षात ठेवतं? (हे कारण मी स्वतःला कित्येक वर्षं देत आलोय.)

म्हणून सांगतो, नाव घे. नाव, औषध, मात्रा. तिने तेच परत म्हणायचं, आणि टोचलं की "दिलं" म्हणायचं. हे वाचून येत नाही, तोंडाला वळण लागावं लागतं. संक्रांतीच्या आधी सोलापुरात यात्रेचे उंच नंदीध्वज पेलणारे किती दिवस सराव करतात, लहानपणापासून बघतेस. त्यांना कोणी हसतं?

आणि हे माझं एकट्याचं खूळ नाही. 1977 मध्ये स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवर आदळली, 583 माणसं गेली. पुढचं विमान बाजूला झालं का, अशी शंका उड्डाण घेणाऱ्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने बोलूनही दाखवली होती. कॅप्टनने उडवून लावली. पुढे वैमानिकांना एकमेकांशी बोलायचा सराव देऊ लागले. स्टॅनफोर्डच्या डेव्हिड गाबांनी तेच भूलतज्ज्ञांसाठी उचललं.

तुमचं ड्रिल हॉलमध्ये, बॅनर लावून, नुसत्या डॉक्टरांचं झालं असेल तर हसू दे त्यांना. लेबर रूममध्ये घ्या, रात्री घ्या, वॉर्डबॉयसकट घ्या. फ्रीजची किल्ली सापडायला चार मिनिटं लागली, हे तू गंमत म्हणून सांगितलंस. ऑक्सिटोसिन त्याच फ्रीजमध्ये असतं ना गं? ती चार मिनिटं बाहुलीची गेली, हे नशीब.

अभ्यास कर, पीजी तुला मिळेलच. आज नाईट आहे म्हणालीस. तुझ्यासोबत ड्यूटीला असणाऱ्या मावशींचं नाव काय? विचारून मला मेसेज कर. "मावशी" नको, नाव.

तुझे सर