पहिल्यांदाच अंतराळ परिषदेला जाताना

1950 साली पॅरिसमध्ये सुरू झालेल्या इंटरनॅशनल अ‍ॅस्ट्रॉनॉटिकल काँग्रेसला तुम्ही प्रथमच जात आहात, याचा मनापासून आनंद वाटतो. एकाच वेळी अनेक दालनांत चालणारी सत्रे धावतपळत गाठू पाहणे ही नवख्यांची नेहमीची चूक. त्याऐवजी प्रक्षेपक, उपग्रह किंवा अंतराळ कायदा यांपैकी एकच विषय धरा आणि दिवसातून दोनच सत्रे, पण शेवटपर्यंत ऐका, कारण खरी ओळख प्रश्नोत्तरे संपल्यावर, वक्ता लॅपटॉप आवरत असताना होते.

प्रदर्शनासाठी एवढेच:

- स्वतःचा परिचय दोन वाक्यांत तयार ठेवा.
- कोणाचे कार्ड मिळाले, की काय बोलणे झाले ते त्याच्या पाठीवर लगेच टिपून ठेवा. संध्याकाळपर्यंत चेहरे हमखास मिसळतात.

शोधनिबंध सादर करण्याचा विचार पुढील वर्षी करू.