टॉप-अप घेऊ की पाटल्या मोडू?

ताई, तुमचं पत्र मिळालं, वहीच्या पानाचा फोटोही मिळाला. आधी तुमचं म्हणणं मला नीट कळलंय का ते बघा. वडगाव बुद्रुकला स्वतःचा फ्लॅट, मिस्टर भोसरीला कंपनीत, हातात ५२,०००, तुमच्या शिकवण्यांचे साधारण १४,०००. घरात मुलगी सहावीत आणि सासूबाई. होम लोनचा हप्ता २१,५००. पर्सनल लोनचा ९,८००, त्याचे ३ लाख बाकी. दोन क्रेडिट कार्डांवर मिळून १,६२,०००, दर महिन्याला नुसतं मिनिमम, म्हणजे बँकेने ठरवलेली कमीत कमी रक्कम, ८,१०० भरताय. बँकेतून फोन आला की होम लोनवर ५ लाखांचा टॉप-अप, म्हणजे चालू लोनवरच वाढीव कर्ज, देतो, ९ टक्के, १५ वर्षं, सगळं फेडून टाका, महिन्याला बारा-तेरा हजार वाचतील. मिस्टर तयार आहेत. तुमच्या मनात आईने दिलेल्या पाटल्या मोडाव्यात असं येतंय, म्हणजे घरावर बोजा नको. आणि शेवटी तुम्ही लिहिलंत, "आम्ही काही उधळपट्टी करत नाही, वहीत दर महिन्याला ११०० रुपये शिल्लक दिसतात, तरी कार्ड वाढतंच जातंय, कुठे चुकतंय कळत नाही."

माझं उत्तर आधीच सांगते, टॉप-अप नको आणि पाटल्याही नकोत, निदान आत्ता तरी. पण का नको ते समजून घ्या, नाहीतर बँकवाल्याचा परत फोन आला की तुम्ही हो म्हणाल, आणि तो काही खोटं बोलत नाहीये बरं का, ९,८०० आणि ८,१०० बंद होऊन ५,०७१ चा हप्ता सुरू होणार म्हणजे महिन्याला १२,८०० मोकळे होणार हे अगदी खरंय.

तुमच्याच पत्रातलं एक वाक्य तुम्ही घाईत लिहून पुढे गेलात, मी तिथेच थांबले. हे पर्सनल लोन तुम्ही २१ महिन्यांपूर्वी घेतलंत ते कशासाठी, तर तेव्हाची कार्डं क्लिअर करायला आणि दिरांच्या लग्नाचं देणं द्यायला. म्हणजे कार्ड एकदा शून्यावर आलं होतं. २१ महिन्यांत शून्याचे १,६२,००० झाले. आता टॉप-अपने परत शून्य केलं तर पुढच्या दोन वर्षांत काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. फरक इतकाच की या वेळी तारण घर असेल.

म्हणून मी तुम्हाला दोघांच्या फोनमधलं तीन महिन्यांचं यूपीआय, बँकेचं आणि कार्डांचं स्टेटमेंट मागितलं. तुम्ही वही केलीत ती फक्त तुमच्या फोनवरून आणि आठवणीतून, मिस्टरांच्या फोनमधला खर्च त्यात आलाच नाही. यात कुणाची लबाडी नाहीये, बहुतेक घरांत असंच चालतं.

तुमच्या वहीत काय आहे? हप्ते, कार्डाचं मिनिमम, भिशी ५,०००, एसआयपी (म्युच्युअल फंडात दर महिन्याला जाणारे) ३,०००, हे सगळं मिळून ४७,४००. मग किराणा ७,०००, दूध १,८००, लाइट बिल १,४००, पाइपचा गॅस ५००, शाळेची व्हॅन १,६००, पेट्रोल २,५००, मोबाइल-नेट १,२००, "इतर" १,५००. एकूण ६४,९००. बेरीज बरोबर आहे, मी दोनदा तपासली.

आता स्टेटमेंटमध्ये दिसलं आणि वहीत नाही ते बघा. सोसायटीचा मेंटेनन्स! तीन महिन्यांनी ६,६०० जातात म्हणून तो महिन्याच्या पानावर आलाच नाही, म्हणजे महिन्याला २,२००. शाळेची फी वर्षाला ३६,०००, जूनमध्ये आणि दिवाळीनंतर अशी दोनदा, दोन्ही वेळा कार्डावर मारलीय. एलआयसीचा हप्ता वर्षाला १२,०००. महापालिकेचा प्रॉपर्टी टॅक्स आणि गाडीचा इन्शुरन्स मिळून १०,२०० (टॅक्स ठरलेल्या मुदतीत भरला तर सूट मिळते, तुम्ही ती घालवलीत, आणि थकवला तर महिन्याला २ टक्के शास्ती लागते, तेव्हा पुढच्या वर्षी तो आधी भरा). दिवाळी, लग्नांचे आहेर, गावची जत्रा, गणपतीची वर्गणी, सगळं धरून तुमच्याच अंदाजाने २४,०००. वर्षाच्या या सगळ्याला बाराने भागलं की महिन्याला ९,०५० येतात. सासूबाईंच्या बीपी-शुगरच्या गोळ्या १,३५०, त्याही वहीत नाहीत, कारण त्या मिस्टर येताना घेऊन येतात.

राहिलं बाहेरचं खाणं आणि ते दहा मिनिटांत घरी सामान देणारं ॲप, २,८०० आणि २,३००. सप्टेंबरमधला एक रविवार तुमच्या स्टेटमेंटवर आहे तो मी पेनाने गोल करून ठेवलाय. सकाळी मिसळ ४२०. सव्वाअकराला ॲपवरून ३८७, तुम्ही स्क्रीनशॉट पाठवलात म्हणून कळलं की हवी होती फक्त कोथिंबीर, १९ रुपयांची जुडी, पण डिलिव्हरी फ्री व्हायला दही, ब्रेड, चिप्सची दोन पाकिटं आणि कसलातरी सॉस टाकला. चार वाजता परत ॲप, आइस्क्रीम २१२. रात्री पावभाजी मागवली ५६४. झाले १,५८३. आणि यातला एकही खर्च तुम्हाला उधळपट्टी वाटला नाही कारण प्रत्येक रक्कम छोटी आहे आणि रविवारीसुद्धा ओट्याशी उभं राहायचं का हा तुमचा प्रश्न मला मान्य आहे. मी पावभाजीवर अजिबात चिडलेली नाही. कोथिंबिरीवर चिडलीय.

तर वहीबाहेरचे १५,५००. वहीतले शिल्लक ११०० वजा करा, महिन्याला १४,४०० ची तूट. ती एकदम दिसत का नाही? कारण दिवाळी बोनसचे ४० हजार आणि भिशीचे ६० हजार वर्षातून एकेकदा येतात आणि लाखभराचा खड्डा बुजवून जातात. उरलेले ७२-७३ हजार दरवर्षी कार्डावर चढतात. वर व्याज. हे झालं तुमच्या "कुठे चुकतंय" चं उत्तर.

आणि बघा, १५,५०० पैकी १०,४०० तर फी, मेंटेनन्स, टॅक्स, औषधं, सण असलेच आहेत. तुम्ही खरंच उधळ्या नाही आहात. घोळ झालाय तो बजेट महिन्याचं आणि खर्च वर्षाचे, यामुळे. मी स्वतः लग्नानंतर कितीतरी वर्षं डायरीत मेंटेनन्स लिहीत नव्हते आणि जून आला की नवऱ्याशी भांडत होते, तेव्हा तुम्हाला शहाणपण शिकवायचा मला फारसा हक्क नाही.

आता कार्डाचं. १,६२,००० वर महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे ५,६७० व्याज, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, झाले ६,६९०. तुम्ही भरता ८,१००. मुद्दल कमी होतं १,४१० ने, आणि त्याच महिन्यात तुम्ही फी किंवा किराणा परत कार्डावर टाकता. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते, मागचं बिल पूर्ण भरलं नसेल तर नव्या खरेदीला ते ४५-५० दिवस बिनव्याजी मिळत नाहीत, खरेदीच्या दिवसापासून मीटर सुरू. म्हणजे मिनिमम भरून कार्ड वापरत राहणं हा सगळ्यात महाग प्रकार आहे, सावकारही लाजेल.

मग ९ टक्क्यांचा टॉप-अप वाईट कसा? फक्त कार्डापुरता बघितला तर वाईट नाही, उलट चांगलाच आहे. पण त्यात पर्सनल लोन घातलंत की गणित फिरतं. त्याचे ३९ हप्ते राहिलेत आणि पुढे व्याज जाणार साधारण ८० हजार. तेच ३ लाख ९ टक्क्यांनी १५ वर्षं नेलेत तर व्याज जाईल २ लाख ४८ हजार. दर कमी आणि व्याज तिप्पट, वर तुमच्या ॲग्रीमेंटमध्ये फोरक्लोजरचे, म्हणजे मुदतीआधी लोन बंद करण्याचे, ४ टक्के आणि त्यावर जीएसटी, १४ हजार तिथेच गेले. मुलगी एकविसावं-बाविसावं ओलांडून नोकरीला लागेल तरी तुम्ही दिरांच्या लग्नाचा हप्ता भरत असाल. शिवाय देणं ४,६२,००० आणि लोन ५ लाख, वरच्या ३८ हजारांत नवा फ्रिज घ्यायचं मिस्टरांनी ठरवूनही टाकलंय असं तुम्ही लिहिलंय. हेच ते!

पाटल्यांचं म्हणाल तर आजच्या भावात कार्ड फेडायला सगळ्या साडेपाच तोळ्यांची गरज नाही, त्यातल्या थोड्याच तोळ्यांत होऊन जाईल. पण मोडताना घडणावळ परत मिळत नाही, घट धरतात, आणि आईची वस्तू गेली की गेली. ती वेळ तुमच्यावर आलेली नाही, कारण तुमच्याकडे तीन गोष्टी आहेत ज्यांच्याकडे तुम्ही कर्ज फेडायचे पैसे म्हणून बघतच नाही आहात.

पहिली एसआयपी. ८२ हजार झालेत त्यात. पावणेदोन वर्षांपूर्वी तुम्ही १५ टक्क्यांनी लोन घेतलंत आणि जवळपास त्याच सुमाराला एसआयपी सुरू केलीत, कुणीतरी सांगितलं असेल की बचत थांबवायची नसते. कार्डावर वर्षाला ४२ टक्के जातायत, कुठला म्युच्युअल फंड तेवढे देणारे? काढा ते. इक्विटी फंडाच्या लॉंग टर्म नफ्यावर वर्षाला सव्वा लाखापर्यंत टॅक्स नाही आणि तुमचा एकूण नफाच दहाएक हजार आहे, एक वर्षाच्या आतल्या युनिट्सवर थोडाफार एक्झिट लोड (लवकर काढल्याचा आकार) कापतील तो कापू द्या. या ८२ हजारांतून ५२ हजारांचं छोटं कार्ड पूर्ण फेडा आणि बंद करा, लेखी घ्या बंद केल्याचं, आणि उरलेले ३० हजार मोठ्या कार्डात भरा. तिथे ८० हजार राहतील, महिन्याचं व्याज ६,६९० वरून ३,३०० वर येईल. एसआयपीही थांबवा, पुढच्या वर्षी परत सुरू करू.

दुसरा बोनस, ४० हजार, आला त्याच दिवशी कार्डात. लक्ष्मीपूजनाच्या आधी. हे तुम्हाला जड जाणार आहे, मला माहितीय, पण या वर्षी फराळ घरचा, कपडे फक्त मुलीला आणि सासूबाईंना. तिसरी भिशी. जानेवारीत तुमचा नंबर आहे आणि ती संपतेय, मधेच सोडू नका, बायकांत शब्द जातो. त्या ६० हजारांतले ४० कार्डाला, कार्ड शून्य. उरलेले २० मधल्या तीन महिन्यांची तूट भरायला लागतीलच. काठावर बसतं गणित, पण बसतं. नवी भिशी धरू नका, मैत्रिणी कितीही म्हणाल्या तरी.

फेब्रुवारीपासून एसआयपीचे ३,०००, भिशीचे ५,००० आणि मिनिममचे ८,१०० मोकळे, म्हणजे १६,१००. तूट होती १४,४००. बाहेरचं खाणं आणि ॲप मिळून ५,१०० चे १,५०० केलेत (रविवारची पावभाजी राहू द्या, ॲप काढून टाका, भाजी मंडईतून किंवा खालच्या गाडीवरून) तर महिन्याला ५,३०० खरेखुरे शिल्लक. आधी त्यातून एका महिन्याच्या खर्चाएवढी रक्कम बाजूला करा, मग पर्सनल लोन लवकर फेडायचं बघू. सासूबाईंच्या गोळ्यांचं त्यांच्या डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रात बघा, बराच फरक पडतो.

आणि ते वर्षाचे ९,०५०. त्याला वेगळं सेव्हिंग अकाउंट, ज्याचं एटीएम कार्ड घरात कपाटात आणि यूपीआय कुठल्याच फोनला जोडलेलं नाही. पगार एक तारखेला होतो, तर दोन तारखेला स्टँडिंग इन्स्ट्रक्शनने ९,०५० तिकडे गेलेच पाहिजेत. फी, मेंटेनन्स, टॅक्स, दिवाळी, सगळं त्यातूनच. पहिल्या जूनला ते पुरेसं साठलेलं नसेल, थोडी ओढाताण होईल, फीचे हप्ते करून मिळतात का शाळेत विचारून ठेवा.

मी हे सगळं कधी बदलेन? मिस्टर फोन घेऊन तुमच्याबरोबर बसायला तयार झाले नाहीत तर. त्यांच्या स्टेटमेंटवर महिन्याला १,८५० एका "आत्ता घ्या, नंतर द्या" वाल्याला जाताना दिसतायत, तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही आणि माझ्या वरच्या हिशोबातही मी ते धरलेले नाहीत, कारण किती बाकी आहे तेच मला माहीत नाही. भांडू नका, नुसतं विचारा. त्यातून मोठा आकडा निघाला तर मग पाटल्या मोडायच्या नाहीत, बँकेत तारण ठेवायच्या, एक वर्षाच्या बोलीवर, आणि टॉप-अपचा विचार केलाच तर फक्त कार्डापुरता आणि जास्तीत जास्त पाच वर्षांचा.

फ्रिजचं दार नीट लागत नाही म्हणून नवा घ्यायचा असं लिहिलंय तुम्ही. दाराचं रबर बदलून मिळतं ताई, आधी मेकॅनिकला बोलवा.