जुदोत गुरूंची पद्धत सोडून स्वतःची वाट कधी धरावी?

चार वर्षं एकाच दोजोत (जुदोच्या क्लासात) घालवल्यावर ‘यात माझं असं काय?’ वाटणं साहजिक आहे. जपानीत याला शब्दच आहे, शु-हा-री: आधी साचा पाळायचा, मग मोडायचा, मग त्यातून सुटायचं. (दर सहा महिन्यांनी क्लास बदलणं यात बसत नाही!)

जुदोचे जनक कानो जिगोरो यांचंच बघा. आधी तेन्जिन शिन्यो-र्‍यू शिकले, मग कितो-र्‍यू; दोन्ही जुजुत्सू या जुन्या जपानी कुस्तीविद्येच्या शाखा. १८८२ मध्ये तोक्योतल्या एइशोजी देवळात १२ तातामींवर (गवती चटयांवर) त्यांनी कोदोकान ही स्वतःची जुदो शाळा सुरू केली, तरी कितो-र्‍यूचे गुरू इइकुबो यांच्याकडे शिकणं सोडलं नाही. एरवी गुरूच त्यांना पाडायचे. एक दिवस उलटंच झालं, कानो त्यांना पाडू लागले. गुरूंनी कारण विचारलं, तर म्हणाले, फेकण्याआधी समोरच्याचा तोल बिघडवतो. ढकललं की माणूस उलट रेटतो. त्याच क्षणी ओढायचं. जुदोतली कुझुशी ती हीच. म्हणजे वाट सापडली ती गुरूंच्याच हाताखाली, त्यांच्याच अंगावर प्रयोग करून.

तुम्हीही एकच फेक निवडा आणि रांदोरीत (मोकळ्या सराव-लढतीत) वेगवेगळ्या उंची-वजनाच्या लोकांवर ती सहा महिने करून बघा. कुठे फसते ते लिहून ठेवा. क्लास बदलायचा का, ते मग ठरवा.