कुस्ती जोडताना

चिरंजीवास तात्याचे अनेक आशीर्वाद.

यात्रा कमिटीनं यंदा कुस्त्यांचं काम तुझ्या गळ्यात घातलं, हे तुझ्या आईकडनं कळलं. तू फोनवर विचारलंस, "तात्या, शेवटच्या कुस्तीला कोणाला आणू?" आणि मी पाऊसपाण्याचं काहीतरी बोलून फोन ठेवला. मला कमी ऐकू येतं हे एक कारण. दुसरं म्हणजे तू प्रश्न चुकीच्या टोकाकडनं धरलायस, आणि ते फोनवर सांगता आलं नसतं. म्हणून लिहितोय.

शेवटची कुस्ती फ्लेक्सवर छापायला असते. तिच्यासाठी पैसे देणारे मिळतात, पैलवान मिळतात, फेटे बांधून आखाड्यात फोटो काढायला तर निम्मा तालुका मिळतो. मैदान बनतं ते दुपारी तीनला, ज्यांना अजून लंगोट नीट कसता येत नाही अशी पोरं हौद्यात, म्हणजे आखाड्याच्या मातीत, उतरतात तेव्हा. आम्ही त्यांना नारळावरच्या कुस्त्या म्हणायचो. काही गावांत रेवड्यांवरच्या म्हणतात. त्या तू कशा जोडतोस, कुणाची गाठ कुणाशी घालतोस, यावर संध्याकाळी माणसं थांबणार की नाही हे ठरतं.

माझी पहिली कुस्ती 1963 सालच्या चैत्रातली. आदल्याच वर्षी जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेतनं कवठेपिरानच्या मारुती मानेंनी फ्रीस्टाइलचं सोनं आणि ग्रीको-रोमनचं रौप्य आणलं होतं, आणि पुनवतच्या गणपतराव आंदळकरांनी बरोबर उलटं, ग्रीको-रोमनचं सोनं आणि फ्रीस्टाइलचं रौप्य. आमच्या ओढ्यातल्या वाळूत मग रोज माने आणि आंदळकर लढायचे. मी अंगानं फाटका, त्यामुळं मला मानेही होऊ देत नसत आणि आंदळकरही. तरी यात्रेला हौद्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो. तेव्हा कुस्त्या जोडायला आमचे थोरले वस्ताद असत. त्यांनी मला नाव, गाव काही विचारलं नाही. दोन्ही मनगटं एका मुठीत धरून बघितली, मानेवर तळवा ठेवून खाली रेटलं, मी किती रेटून देतो ते पाहिलं, आणि पाठमोरा फिरवून टाचा बघितल्या. मग गर्दीत नजर फिरवून पलीकडच्या कडेचं एक पोरगं हात करून बोलावलं. माझ्याइतकंच फाटकं. त्यानं मला एकेरी पटावर घेतलं, म्हणजे एक पाय धरून उचललं, आणि सलामी झाल्यावर मिनिटाभरात मी आभाळ बघत होतो. वस्तादांनी नारळ हौद्याच्या कडेच्या दगडावर आपटून फोडला, थोरली वाटी त्याला दिली, धाकटी मला. "ह्याला पुढच्या वर्षी परत हाच," असं म्हणून पुढच्या पोराकडं वळले. ते खोबरं मी घरापर्यंत खाल्लं नाही. पुढच्या वर्षी त्याला पाडला.

आता जोडायचं कसं ते. वय विचारू नकोस. धाकटा दिसायला दोन वर्षं कमी सांगतात, थोरला पैलवान मागून घ्यायला दोन वर्षं जास्त. इयत्ता विचार, ती पटकन खरी निघते. तालमीत किती महिने आहे आणि कोणाच्या हाताखाली, ते विचार. कान चाचपून बघ. कान मोडलेला असेल तर पोरगं काही सांगो, ते मातीत नवं नाही. वजनकाटा आण, आण जरूर, पण चाळीस किलोचं ऊस तोडणाऱ्याचं पोर आणि चाळीस किलोचं कोल्हापूरच्या तालमीत दोन वर्षं राहिलेलं पोर यांची कुस्ती काट्यावर बरोबर दिसली तरी ती कुस्ती नव्हे. तालमीतलं पोर पहिल्याच खडाखडीत, म्हणजे उभ्यानं हातानं हात अजमावतानाच, कब्जा घेतं, पुढं सगळं दुसऱ्याच्या पाठीवरनं चालतं. माझी एक साधी खूण होती. दोघांना समोरासमोर उभं करून स्वतःलाच विचारायचं, पैज लावायची झाली तर कुणावर लावशील? उत्तर लगेच आलं तर जोडी मोडायची.

यात तुला माणसं येऊन चिकटतील. कुणाचा भाचा, कुणाचा साडू, वर्गणी देणाऱ्याचा नातू. "आमच्या पोराला जरा हलकं द्या." ऐकून घे, चहा पाज, आणि हलकं देऊ नकोस.

माती. ही गोष्ट कमिटीला सांगून होत नाही, स्वतः खोऱ्या घेऊन उतरावं लागतं. हौदा आठ दिवस आधी हातभर उकरून घे. गेल्या वर्षीची माती टाकून देऊ नकोस, चाळून वापर, तिला तेल मुरलेलं असतं. वर नवी तांबडी लागेल तेवढी, आपल्या हौद्याला दोन ट्रॉल्या पुरतात. चाळणी बारीक घे. मी एकदा बांधकामाची चाळणी वापरली होती आणि एका पोराच्या खांद्यात बोराएवढा खडा रुतला होता. मग ताक, हळद, लिंबाचा रस, गोडं तेल, कापूर. हळद अंगावर खरचटलेल्याला, ताक-तेल माती मऊ राहायला. आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडून सकाळी परत उकरायचं. मूठ वळून सोडली की ढेकूळ निम्म्यात फुटलं पाहिजे. सगळं फुटलं तर कोरडी, न फुटलं तर चिखल. चैत्रातलं ऊन दोन तासात वरचा थर भाजून काढतं, तेव्हा एक माणूस नुसता पाण्याच्या झारीवर ठेव.

बसायची व्यवस्थाही बघ. शाहू महाराजांनी रोमचं कोलोझियम बघून खासबाग बांधून घेतलं, 1912 साली ते खुलं झालं. तिथं शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पैलवानाची टाच दिसते, कारण मैदान वाडग्यासारखं आहे. आपल्याकडं शाळेमागची सपाट जागा. पुढचे बसले नाहीत तर मागच्यांना नुसती धूळ. फक्कीची रेघ मार, पुढच्या तीन रांगा खाली, त्यामागं उभे, त्यामागं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या लाव. पश्चिमेकडची बाजू ट्रॉल्यांनी झाकली की पाचनंतर पैलवानांच्या डोळ्यात ऊनही जात नाही. ही अक्कल मला बारा वर्षांनी आली, तुला फुकट.

आता जे मी फारसं कुणाला सांगितलं नाही ते.

1990 च्या आसपासची यात्रा. शेवटच्या कुस्तीला दोन नावाजलेले गडी आणले होते. नावं लिहीत नाही, दोघांची नातवंडं आता तालमीत आहेत. दुपारी दोघांकडची माणसं एकत्रच मांडवात आली. एकत्र आली तिथंच मला कळायला पाहिजे होतं. म्हणाली, "तात्या, दोघांनाही पुढच्या आठवड्यात मोठं मैदान आहे. लागलं-बिगलं तर पंचाईत. वीस मिनिटं खेळवा आणि बरोबरीत सोडवा. इनाम दोघांना निम्मं." मी मान हलवली. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं, एवढ्या मोठ्या पैलवानांची माणसं माझ्याशी हळू आवाजात बोलत होती.

कुस्ती लागली. शड्डू असे घुमले की झाडावरचे कावळे उडाले. मग खडाखडी, मग खडाखडी, मग परत खडाखडी. एकानं पट काढल्यासारखं केलं, दुसऱ्यानं काढू दिल्यासारखं केलं. सगळ्यात आधी ओळखलं ते हलगीवाल्यानं. तो म्हातारा कुस्तीच्या अंगावर वाजवायचा. गडी खाली गेला की हात जड, डाव पडायच्या बेताला आला की टिपरी नुसती थरथरायची. त्याची हलगी दहाव्या मिनिटाला सपाट झाली, लग्नाच्या वरातीत वाजते तशी. त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं. पुढच्या रांगेत बसलेला एक धोतरवाला आजा उठला, धोतर झटकलं, चपला काखेत मारल्या आणि पोरगं खांद्यावर घेऊन चालू लागला. कुणी ओरडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. नुसती मागनं मागनं माणसं निघत गेली. विसाव्या मिनिटाला पंचांनी दोघांचे हात वर केले तेव्हा त्यांच्या पाठी कोरड्या होत्या. एवढ्या वेळात एकाच्याही पाठीला माती नाही.

आपल्याकडं त्याला नुरा कुस्ती म्हणतात. पुढची दोन वर्षं वर्गणी मागायला गेलो की लोक दारात उभं करून चहा द्यायचे, बसा म्हणायचे नाहीत.

तू म्हणशील, टीव्हीवरच्या कुस्तीत तर सगळंच ठरवून असतं. लहानपणी तुम्ही पोरं त्यातल्या अंडरटेकर पैलवानाचं चित्र असलेल्या खेळायच्या पत्त्यासाठी मारामाऱ्या करायचात, ठाऊक आहे मला. त्याच्यावर माझा राग नाही. दारासिंग आणि किंगकाँग या पैलवानांच्या फ्रीस्टाइल कुस्त्यांना मुंबईत माणसं तुफान गर्दी करायची, तिथल्या गिरणीत असलेले आपल्या गावचे लोक सुट्टीला आले की हातवारे करून आम्हाला ते दाखवायचे. तो खेळच तसा, आपटून घ्यायलाही अंगात कला लागते, आणि बघणारा ते कबूल करून तिकीट काढतो. आपल्या हौद्याभोवती बसलेल्याशी आपला करार वेगळा आहे. खाली दोन खांदे लागले की चितपट, एवढंच त्याला कळतं आणि तेवढ्यासाठी तो बैलगाडीनं आला होता.

मग कुस्ती अडली तर काय? मातीत ती अडतेच. वर बसलेला घिस्स्याचा डाव मारत राहतो, खालचा पोटावर घट्ट झोपून राहतो, आणि अर्धा तास कोणी हलत नाही. मॅटवर शिकलेल्या पोरांना तर गुणांची सवय, मातीत ती गोंधळतात. म्हणून आधीच जाहीर कर: एवढी मिनिटं निकाली, म्हणजे चितपटीवर, नंतर गुणांवर. कागदावर लिहून दोघांच्या वस्तादांना दाखव. जे काय ठरेल ते माइकवर सांगता आलं पाहिजे. मांडवात कुजबुजून सांगावं लागतं ते ठरवूच नको.

पैशाचं. इनामावर नाक मुरडणारे तुला भेटतील, खेळ म्हणजे पैसा नव्हे वगैरे. त्यांना खाशाबा जाधवांची गोष्ट सांग. गोळेश्वर आपल्यापासनं किती लांब? 1952 साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून सात हजार उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि मग? मग त्यांनी कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढले, आणि त्या पैशातनं प्राचार्यांचं घर सोडवलं. ऑलिंपिकचं कर्ज इनामी कुस्तीनं फेडलंय, हे लक्षात ठेव आणि पाकिटं वेळेवर दे. हरलेल्याचं पाकीट आधी. जिंकलेला फेटा बांधून, खांद्यावर बसून फिरत असतो, त्याला घाई नसते. हरलेला अंगावरची माती न धुता मोटारसायकलवर मागं बसून निघून जातो आणि त्याला गाठायला तुला स्टँडपर्यंत पळावं लागतं. मी पळालोय.

हलगी, घुमकं आणि कैताळवाल्यांना जेवण पैलवानांच्या पंगतीला, पहिल्या वाढपात. आमच्या काळी त्यांना मागनं वाढायचे, मांडवाबाहेर. मी ते बदललं असं म्हणायला मला आवडलं असतं. बदललं ते माझ्यानंतर आलेल्या पोरांनी.

आणि यंदा पोरींच्या कुस्त्या ठेव. निदान पाच. कमिटीत कुणीतरी घसा खाकरेल. 2023 साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, तुंगच्या प्रतीक्षा बागडीनं गदा उचलली, आपल्या जिल्ह्यातली पोर. आमच्या वेळी बायका माडीवरनं, पदर तोंडाला लावून कुस्ती बघायच्या. तुझ्या आजीला ढाक आणि झोळी या डावांतला फरक माझ्याआधी कळायचा, पण हौद्यापर्यंत ती कधी आली नाही. पोरींना कपडे बदलायला शाळेची एक खोली मागून घे, आतनं कडी लागते का ते स्वतः बघ. आणि त्यांच्या जोड्या लावतानाही तेच: मनगट बाईमाणसाला बघू दे, इयत्ता तू विचार.

शेवटच्या कुस्तीचं नाव अजूनही सांगितलं नाही, हे माझ्या ध्यानात आहे. तीनच्या कुस्त्या जोडून झाल्या की ये, तेव्हा बोलू.

सोबत वही पाठवतोय. लाल पुठ्ठ्याची आहे, मागची पानं वाळवीनं खाल्लीत. प्रत्येक यात्रेच्या जोड्या तिच्यात आहेत, आणि नावापुढं बारीक अक्षरात काही खुणा. "डावा गुडघा, पुढं जड गडी नको." "रडला नाही." "बाप दारू पिऊन आला, इनाम आईच्या हातात." यातल्या पुष्कळांची पोरं आता तुझ्यापुढं उभी राहतील. एका पानावर शेवटची ओळ खोडलेली दिसेल, ती कोणती ते तुला कळेल. खोडायला नको होती.

खोरी दोन आपल्या गोठ्यात आडाला लावून ठेवलीत, एकीचा दांडा ढिला आहे, पाचर मारून घे. चाळणी मात्र शेजारच्या आळीत कुणीतरी नेली ती परत आली नाही. नवी बारीक जाळीचीच बघ.

तुझा
तात्या