मूल हात हलवत नाही, पाय टेकत नाही: पालकांची पत्रं आणि उत्तरं

पावसाळा लागला की माझ्या ओपीडीतली मुलं बदलतात. एप्रिल-मे महिन्यांत काजूच्या नाहीतर आंब्याच्या झाडावरून पडलेली येतात, जून-जुलैत शेवाळलेल्या अंगणात आणि चिऱ्यांच्या पायऱ्यांवर घसरलेली. या वेळच्या पत्रांत बहुतेकांनी एक गोष्ट जाता जाता लिहिली आहे: मूल तो हात वापरत नाही, त्या पायावर उभं राहत नाही. मला पत्रात सगळ्यात आधी तेच वाक्य दिसतं. एक्स-रे त्यानंतर.

प्रश्न: माझी मुलगी अडीच वर्षांची आहे. शुक्रवारच्या बाजारात गाडी अंगावर येईल म्हणून मी तिचा हात धरून पटकन ओढलं. ती रडली आणि त्यानंतर हात लुळा सोडून बसली. सूज अजिबात नव्हती. डॉक्टरांनी हात जरासा फिरवला, आत 'टक्' झालं आणि दहा मिनिटांत ती खेळायला लागली. एक्स-रे काढलाच नाही. हे बरोबर झालं का? (एक आई, म्हापसा)

ताई, अगदी बरोबर झालं. कोपरात रेडियस नावाच्या हाडाचं गोल डोकं एका कडीसारख्या पट्ट्यात फिरत असतं. साधारण एक ते चार वर्षांच्या वयात हा पट्टा सैल असतो. मनगटाला धरून हात ओढला की तो डोक्यावरून सरकतो आणि सांध्यात अडकतो. मूल हात अंगाशी धरतं, तळवा खाली वळलेला असतो, आणि हात वापरायचं पूर्णपणे थांबवतं. ओढल्याचा इतिहास स्पष्ट असेल, सूज नसेल, तर एक्स-रेची गरज नसते. तळवा नीट फिरवला की पट्टा जागेवर जातो आणि दहा-पंधरा मिनिटांत मूल त्याच हाताने बिस्किट मागतं. ते मागणं हाच बरं झाल्याचा पुरावा.

मूल पडलं असेल किंवा कोपर सुजलं असेल, तर मात्र कोणालाही हात फिरवू देऊ नका, आधी एक्स-रे. काही मुलांना हे पुन्हा होतं, पण पाच वर्षांनंतर क्वचितच. दोन्ही हात धरून गोल फिरवणं, मनगटाला धरून पायरीवर चढवणं टाळा, उचलताना काखेत हात घाला. तुम्ही तिला गाडीखालून वाचवलंत. मनाला लावून घेऊ नका.

प्रश्न: मुलगा 11 वर्षांचा, फुटबॉल खेळताना हातावर पडला. एक्स-रे नॉर्मल आला, क्रेप बँडेज दिलं. आज आठवा दिवस, अजून मनगटावर एका जागी बोट लावू देत नाही, दप्तर डाव्या हातानेच उचलतो. एक्स-रे नॉर्मल, मग दुखतं कशाला? नाटक करतोय का? (एक वडील, डिचोली)

नाटक नाही हो. मुलांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक पातळ चकती असते, ग्रोथ प्लेट. हाड लांब होतं ते तिथूनच. एक्स-रेत कूर्चा दिसत नाही, तिथे नुसती काळी रेघ दिसते. दुखापत त्या रेघेतूनच गेली आणि हाड जागचं हललं नाही, तर फोटो नॉर्मल दिसू शकतो. मोठ्या माणसाचा जिथे सांध्याचा बंध ताणला जातो, तिथे वाढत्या मुलाची ग्रोथ प्लेट दुखावू शकते, कारण बंधापेक्षा ती कमजोर असते. म्हणून मुलाच्या बाबतीत 'मुरगळलं असेल' हा शब्द मी फार जपून वापरते. सॉल्टर आणि हॅरिस या दोन कॅनेडियन सर्जननी 1963 मध्ये या दुखापतींचे पाच प्रकार मांडले, ते आजही आम्ही रोज वापरतो. पहिला प्रकार, म्हणजे नुसत्या चकतीतून गेलेली दुखापत, फोटोतून पुष्कळदा निसटतो. तो बोटाने सापडतो: सांध्यावर नाही, सांध्याच्या किंचित वर, नेमक्या एका जागी दाबल्यावर मूल हात मागे घेतं. तुम्ही पत्रात लिहिलेली जागा तीच आहे.

त्याला परत दाखवा. 10 ते 14 दिवसांनी काढलेल्या एक्स-रेत नवीन हाडाची पुसट सावली दिसते आणि शंका मिटते. तोपर्यंत आणि पुढे मिळून तीन आठवडे मनगटाला स्प्लिंट, फुटबॉल बंद. मात्र आता उशिरा कोणी हाड 'ओढून बसवतो' म्हणालं तर नको म्हणा. सात-दहा दिवसांनंतर ग्रोथ प्लेटवर जोर लावला तर मूळ दुखापतीपेक्षा जास्त नुकसान होऊ शकतं. रेडियसच्या लांबीची सुमारे 75 ते 80 टक्के वाढ मनगटाजवळच्या या चकतीतून होते, म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा एकदा तपासून घ्या. या जागेच्या साध्या दुखापती बहुतेक छान भरून येतात. मला जास्त काळजी वाटते ती गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडाच्या टोकाशी ग्रोथ प्लेट दुखावली तर. तिथे वाढ थांबण्याचा धोका बराच जास्त.

प्रश्न: नातू सात वर्षांचा. मे महिन्यात काजूच्या झाडावरून पडून कोपराच्या वर हाड मोडलं. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात ऑपरेशन करून तारा घातल्या, चार आठवड्यांनी काढल्या. आता तीन आठवडे होत आले, डावा हात पूर्ण सरळ होत नाही. शेजारी म्हणतात वैद्याकडून तेल लावून चोळून घ्या, महिन्यात मोकळा होईल. चवथीला आरतीत घुमट (मातीच्या मडक्याचं वाद्य) वाजवायचं म्हणून तो हट्ट धरून बसलाय. काय करू? (एक आजी, पेडणे)

आजी, चोळू नका. वैद्याकडून नको, घरीही नको, खोबरेल तेल हलक्या हाताने लावलं म्हणून काय झालं असंही नको. कोपर हा सगळ्यांत रुसका सांधा आहे. जबरदस्तीने चोळला, ताणला, तर बाजूच्या स्नायूत हाड तयार होऊ लागतं आणि जो हात चार महिन्यांत मोकळा झाला असता तो कायमचा आखडतो. अशा मुलांचे एक्स-रे मी पाहिले आहेत, स्नायूच्या जागी पांढरा ढग. तो पाहताना आईवडिलांना काय सांगावं ते सुचत नाही.

मूल स्वतः जेवढा हलवेल तेवढाच व्यायाम. पेज स्वतः खाऊ द्या, शर्टाची बटणं स्वतः लावू द्या, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळापानांचं) सामान टोपलीत भरू द्या. जड काही नको. बहुतेक मुलांचा कोपर सहा महिन्यांत, काहींचा वर्षभरात, आपसूक सरळ होतो. आणि घुमट? वाजवू द्या! डाव्या तळव्याने मडक्याचं तोंड झाकायचं-उघडायचं, त्यात कोपर इतका गोड हलतो की मी फिजिओथेरपीत तेच लिहून देईन. दुखलं की थांबायचं, एवढीच अट. झाडावर चढणं मात्र पुढच्या हंगामापर्यंत बंद.

तुमच्या पत्राच्या निमित्ताने सगळ्यांसाठी थोडं लांब लिहिते, कारण मुलांच्या कोपराजवळ सर्वांत जास्त मोडणारं हाड हेच आहे, विशेषतः पाच ते सात वर्षांत, आणि इथे पहिले काही तास सगळं ठरवतात. हाताला रक्त नेणारी मुख्य धमनी आणि तीन मोठ्या नसा मोडलेल्या टोकांच्या अगदी शेजारून जातात. आतून सूज वाढत असते. अशा वेळी वरून पाला आणि बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या की रक्त अडतं. स्नायू साधारण सहा तासांत मरू लागतात. मेलेला स्नायू आखडतो आणि बोटं पक्ष्याच्या पंजासारखी वळून राहतात. जर्मन सर्जन फोल्कमान यांनी 1881 मध्ये याचं वर्णन केलं. शंभर वर्षांहून जास्त काळ ठाऊक असलेली गोष्ट आहे, आणि तरी मी नोकरीला लागल्यानंतर पहिल्याच वर्षी, दोन दिवस कामट्यांत बांधून ठेवलेला एक नऊ वर्षांचा मुलगा आणला गेला. बोटं थंड, निळी. त्या रात्री आम्ही हात वाचवला, पण पकड गेली ती गेलीच. तो मुलगा रडत नव्हता. दोन दिवस रडून दमला होता, आणि घरच्यांना वाटलं, आता आराम पडला.

म्हणून लक्षात ठेवा: कोपर ज्या अवस्थेत आहे त्याच अवस्थेत पुठ्ठा नाहीतर घडी केलेलं वर्तमानपत्र आधाराला लावा, ओढणीने सैलसर गळ्यात अडकवा आणि 108 ला फोन करा. चहा-बिस्किटही देऊ नका, भूल द्यायची झाली तर पोट रिकामं लागतं. प्लास्टर घातल्यावर किंवा ऑपरेशननंतर मूल सारखं जास्त औषध मागू लागलं, अस्वस्थ झालं, बोटं हळूच सरळ केली तरी किंचाळलं, तर सकाळची वाट पाहू नका. बोटं गुलाबी दिसतात म्हणूनही थांबू नका. रंग शेवटी बदलतो, वेदना आधी बोलते.

प्रश्न: सहा वर्षांच्या मुलीचं मनगटाजवळचं हाड मोडलं. प्लास्टरनंतर एक्स-रेत थोडं वाकडं दिसतंय. डॉक्टर म्हणतात आपोआप सरळ होईल. खरंच? की ऑपरेशन करून घ्यावं? (एक वडील, फोंडा)

खरंच. ग्रोथ प्लेट जवळ असेल, वय कमी असेल आणि वाक सांधा ज्या दिशेने हलतो त्याच दिशेत असेल, तर हाड वाढता वाढता स्वतःला घडवून घेतं. सहा वर्षांच्या मुलीत मनगटाशी 15-20 अंशांचा वाक मी बिनधास्त सोडते. वर्ष-दीड वर्षात जुना एक्स-रे शेजारी धरल्याशिवाय फरक कळत नाही. पण ही सवलत सगळीकडे नाही. पिळा पडलेला असेल तर तो सुटत नाही. कोपराजवळचा वाक सहसा सुटत नाही, कारण दंडाच्या हाडाची सुमारे 80 टक्के वाढ खांद्याकडून होते, कोपराकडून जेमतेम 20. तुमच्या डॉक्टरांना एवढंच विचारा: पिळा आहे का? नाही म्हणाले तर निश्चिंत राहा.

प्रश्न: मुलगा चार वर्षांचा. गेल्या आठवड्यात सर्दी झाली होती. आज सकाळी उठला तो उजव्या पायावर उभाच राहीना. पडला वगैरे नाही. ताप 99. थांबू का? (एक आई, वाळपई)

ताई, तुमच्या पत्राचं उत्तर त्याच दिवशी फोनवर दिलं होतं, इथे इतरांसाठी. सर्दीनंतर खुब्याच्या सांध्यात तात्पुरतं पाणी होतं, आठवडा-दहा दिवसांत विश्रांतीने जातं. बहुतेक मुलांचं तेच असतं. पण सांध्यात पू झाला तरी सुरुवात अशीच दिसते, आणि पू काही दिवसांत कूर्चा खाऊन टाकतो. बोस्टनच्या डॉक्टरांनी 1999 मध्ये चार खुणा सांगितल्या: साडेअडतीस सेल्सिअसच्या वर, म्हणजे 101.3 च्या पुढे ताप, पाय अजिबात न टेकणं, रक्तात ईएसआर (शरीरातला दाह दाखवणारी चाचणी) 40 च्या वर, पांढऱ्या पेशी 12 हजारांच्या वर. जितक्या जास्त खुणा, तितका पू असण्याचा संभव जास्त. तुमच्या मुलात एक खूण तर होतीच. म्हणून नियम सोपा ठेवते: पाय टेकत नाही, तर त्याच दिवशी रक्त आणि सोनोग्राफी. ताप चढला, तर त्याच रात्री.

प्रश्न: मुलगा 13 वर्षांचा, अंगाने जड, शाळेच्या टीममध्ये गोलकीपर. दोन महिने गुडघा दुखतो, चालताना पाऊल बाहेर वळतं. गुडघ्याचा एक्स-रे झाला, एमआरआय झाला, दोन्ही नॉर्मल. वजन कमी करा म्हणतात. (एक आई, मडगाव)

हे पत्र वाचून मी खुर्चीत सरळ बसले. ताई, गुडघा नाही, खुबा दाखवा, आणि आजच. खुब्याला जाणारी नस गुडघ्याच्या आतल्या बाजूलाही संवेदना देते, म्हणून दुखणं खुब्यात असतं आणि मूल हात गुडघ्यावर ठेवतं. साधारण 10 ते 16 वर्षांत, विशेषतः जड अंगाच्या मुलांत, मांडीच्या हाडाचं डोकं ग्रोथ प्लेटवरून हळूहळू घसरतं. पाऊल बाहेर वळणं ही त्याचीच खूण. उताणं झोपवून मांडी पोटाकडे वाकवा. ती सरळ न येता बाहेर फाकत असेल, तर माझी शंका पक्की होते. दोन्ही खुब्यांचा एक्स-रे दोन दिशांनी काढायचा, समोरून एक आणि बेडकासारखे पाय फाकवून एक. समोरच्या फोटोत हलकी घसरण लपते.

तोपर्यंत त्याने त्या पायावर वजन टाकू नये, शाळेत नाही, घरातही नाही. आज किंचित घसरलेलं हाड उद्या एका ठेचेने पूर्ण निसटू शकतं, आणि तसं झालं तर हाडाच्या त्या डोक्याचा रक्तपुरवठा जाऊ शकतो. वेळेत सापडलं तर उपचार म्हणजे छोट्या छेदातून बसवलेला एक स्क्रू. दुसरा खुबाही तपासा, काही मुलांत दोन्हीकडे होतं. वजन आणि थायरॉइड यांचं नंतर बघू.

फुटबॉलच्या इतर मुलांसाठी: गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येऊन तिथेच दुखतं, लंगडणं नाही, खुबा मोकळा, तर ते वेगळं आणि सौम्य दुखणं आहे. थोडे दिवस खेळ कमी करा, वाढ पूर्ण झाली की जातं.

प्रश्न: पावसात प्लास्टर ओलं झालं, आत खाज सुटते. विणायच्या सुईने खाजवलं तर चालेल? आणि हाड लवकर जुळायला काय खायला द्यावं? (एक ताई, काणकोण)

सुई अजिबात नको, आत जखम होते आणि दिसत नाही. वरून टकटक करा, हेअर ड्रायरची थंड हवा सोडा. फायबरचं प्लास्टर वरून लगेच वाळतं, आतला कापूस मात्र कित्येक दिवस ओलाच राहतो, म्हणून पूर्ण भिजलं असेल किंवा वास येत असेल तर बदलूनच घ्या. खाण्यात नेहमीचं पुरे: नाचणीचं सत्त्व, दूध, डाळी, तारले काट्यासकट मऊ शिजवून, सुके गालमो (बारीक कोळंबी). आणि पाऊस उघडला की ऊन.