पहिल्या फेरीचा जोर

प्रश्न : सर, मी नववीत आहे. गुहागरच्या पुळणीवर सराव करते. 800 मीटरला पहिल्या फेरीत मीच पुढे असते, पण शेवटच्या शंभरात पाय उचलत नाहीत. मागे राहून धावू का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : बाळ, तुझं पत्र वाचलं आणि धावपटू श्रीराम सिंग आठवले. 1976, माँट्रियल ऑलिंपिकची 800 मीटरची अंतिम शर्यत. पहिल्या फेरीला आघाडीवर आपला माणूस! क्यूबाच्या हुआन्तोरेनाने विश्वविक्रमासह सुवर्ण नेलं, श्रीराम सातवे आले. वेळ 1 मिनिट 45.77 सेकंद. हा राष्ट्रीय विक्रम थेट 2018 मध्ये जिन्सन जॉन्सनने मोडला. 1974 आणि 1978 ला आशियाई सुवर्णही त्यांचंच. तेव्हा पुढे धावणं हा दोष मानू नकोस.

फक्त दोन्ही फेऱ्या घड्याळावर मोज. दोन-तीन सेकंदांचा फरक चालतो. आठ-दहाचा असेल तर सुरुवातीला थोडं आवर.

आणि ओहोटीला, ओल्या घट्ट वाळूवरच धाव. जाताना जितकं, येताना तितकंच. किनारा उतरता असतो, एकाच पायावर भार येतो. हर्णैला मी एकाच दिशेने धावत राहिलो आणि दोन पावसाळे गुडघा धरून घरी बसलो. तू तसं करू नकोस. पुढच्या पत्रात दोन्ही फेऱ्यांच्या वेळा नक्की कळव.